तिसरी बादली

प्रवासवर्णने वाचावीत तर त्यांत सूर्योदय असतात, देवळे असतात, गडकोट असतात, झालेच तर वाटेत खाल्लेल्या मोदकांचा हिशेबही असतो. पण ज्या मोटारीतून हा सारा प्रवास घडतो, तिच्या अंगावर तो कसा उमटतो याविषयी कोणी चकार शब्द काढीत नाही. वास्तविक मोटारीच्या टपासारखी प्रामाणिक रोजनिशी दुसरी नसेल. ज्या ज्या गावचे पाणी अंगावर पडले, त्या त्या गावाने तेथे एकेक पांढरे वर्तुळ काढून ठेवलेले असते. कोठले खाडीचे, कोठले विहिरीचे, कोठले जमिनीच्या पोटातून तीनशे फुटांवरून उपसलेले. वाचता आले तर सगळा मुलूख त्या डागांत सापडतो.

गेल्या मे महिन्यात आम्ही मुंबईहून निघून कोकणची किनारपट्टी धरून रत्नागिरीपर्यंत गेलो आणि अंबा घाटाने देशावर चढलो. मोटार आमच्या मेहुण्यांची. नवी कोरी आणि काळीभोर. काळा रंग दिसतो राजबिंडा, पण त्याच्याइतका चहाडखोर रंगही नाही. पांढऱ्या गाडीवर जो डाग शोधावा लागतो, तो काळ्या गाडीवर पलीकडच्या फुटपाथवरून दिसतो. त्यामुळे मेहुण्यांनी प्रवासाच्या सामानात कपड्यांच्या बरोबरीने मऊ फडकी, स्पंज आणि दोन-तीन रंगीत बाटल्या भरल्या होत्या. आमच्या सौभाग्यवतींनी आपल्या भावाला तेव्हाच विचारले होते, "अरे, आपण कोकण बघायला चाललोय की गाडीला आंघोळ घालायला?"

पूर्वी कोकणात जायचे म्हणजे भाऊच्या धक्क्यावरून बोट. त्या बोटी केव्हाच थांबल्या; पण २०२० सालापासून त्याच धक्क्यावरून मोटारी वाहून नेणारी मोठी फेरीबोट मांडव्याला जाऊ लागली आहे. तासाभराचा प्रवास. मोटार तिच्या पोटात झाकून बसते आणि माणसे वर वारा खात बसतात, त्यामुळे मांडव्याला उतरेपर्यंत मेहुण्यांच्या चेहऱ्यावरचे तेज कायम होते. खरी परीक्षा पुढे. अलिबाग, रेवदंडा, मुरूड मागे टाकून आगरदांड्याला आलो. तेथून दिघीपर्यंत राजपुरीची खाडी. उजव्या हाताला जंजिरा पाण्यात बसलेला. ही फेरीबोट मात्र उघडी. सपाट तळ, पुढे खालीवर होणारी फळी आणि बाजूला हातभर उंचीचे कठडे. मे महिन्यातला नैर्ऋत्येचा वारा कठड्यावरून पाण्याचे तुषार उडवतो आणि पहिल्या रांगेतल्या मोटारींना न मागता तीर्थ मिळते.

असे तीर्थ या वाटेवर चार वेळा. आगरदांडा ते दिघी, बागमांडल्याहून बाणकोटच्या खाडीपार वेशवी, दाभोळहून वाशिष्ठीपार धोपावे आणि तवसाळहून शास्त्री नदीच्या मुखापार जयगड. दाभोळची फेरीबोट २००३ साली सुरू झाली. त्यापूर्वी दाभोळच्या माणसाला समोर दिसणाऱ्या धोपाव्याला मोटार न्यायची तर चिपळूणवरून वळसा पडे. आता दहा-पंधरा मिनिटांत मोटार पलीकडे. सोयीच्या बदल्यात खाडी फक्त काही थेंब ठेवून घेते. नव्हे, ठेवून देते.

वेशवीला उतरून घाटी चढेपर्यंत ते थेंब वाळले आणि काळ्या बॉनेटवर पांढऱ्या टिकल्यांची रांगोळी उठली. मेहुण्यांनी खिशातला रुमाल काढला. तोच धक्क्यावरचा खलाशी, जो मघापासून गाडीकडे कौतुकाने बघत होता, तो ओरडला, "साहेब, सुकं फडकं मारू नका! आधी पाणी घाला." त्याचे म्हणणे अक्षरशः बरोबर होते. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. पाणी उडून गेले की त्यांचे टोकदार स्फटिक मागे राहतात, त्यांत कोकणच्या जांभ्याची तांबडी धूळ मिसळते, आणि त्यावर कोरडे फडके फिरवणे म्हणजे रंगाला पॉलिशपेपर लावणे. मोटारीच्या रंगावर जो पारदर्शक चकाकीचा थर असतो तो सुमारे ४० ते ५० मायक्रॉन जाडीचा. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा. तेव्हा केसाहूनही बारीक अशा पापुद्र्यावर गाडीची सगळी शोभा उभी आहे. ती रुमालाने ओरखडू नये.

खारे डाग जिवंत असतात, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचेही क्षार असतात आणि त्यांना दमट हवेची भारी ओढ. पावसाळ्यात आपल्या स्वयंपाकघरातली मिठाची बरणी पाझरते, तसा हा डाग रात्रीच्या दमट हवेत ओला होतो आणि दुपारी उन्हात पुन्हा वाळतो. धड रंगाला त्याने फारसे बिघडत नाही. पण जेथे रस्त्यावरचा खडा लागून टवका उडालेला असतो, तेथे तो पत्र्यापर्यंत पोचतो आणि आठवड्याभरात तांबेरा धरतो. एक गोष्ट मात्र त्याच्या बाजूने सांगायला हवी: तो भांडखोर नाही. गोडे पाणी लागले की मुकाट्याने विरघळतो. औषध नको, घासाघीस नको. फक्त गोडे पाणी.

आणि कोकणात मे महिन्यात नेमके तेच नसते.

हर्णैच्या किनाऱ्यावर संध्याकाळी मासळीचा लिलाव बघायला गेलो. समोर सुवर्णदुर्ग, अलीकडे शेदीडशे बोटी, किनाऱ्यावर बर्फाच्या लाद्या आणि कानठळ्या बसवणारी बोली. आता पुष्कळशा होड्या फायबरच्या झाल्या आहेत. त्यांच्या निळ्या-पिवळ्या अंगावर मिठाचे ओघळ अगदी केळीच्या पानावर सांडलेल्या ताकासारखे दिसत होते. मेहुण्यांना राहवले नाही. त्यांनी एका वयस्क तांडेलाला विचारले, "मामा, तुम्ही हे डाग कशाने काढता?" मामा हसले. म्हणाले, "काढून करू काय? सकाळला पुन्हा समुद्रातच जायाचंय. खारं पाणी खाऱ्या पाण्यानंच धुवायचं. गोडं पाणी प्यायला, जेवणाला. वरसातनं एकदाच होडीला गोडं पाणी दाखवतो, रंग काढायच्या टायमाला."

रंग काढण्याची वेळ म्हणजे १ जून ते ३१ जुलै हा मासेमारी बंदीचा काळ. होड्या वर ओढायच्या, खरवडायच्या, नारळीपौर्णिमेपर्यंत सजवून तयार ठेवायच्या. त्या वेळी मात्र मीठ कणभर राहू देत नाहीत. मामा म्हणाले, "रंगाखाली मीठ ऱ्हायलं की फोड येतात." हे शास्त्रही शंभर नंबरी आहे. रंगाच्या थराआड अडकलेले मीठ बाहेरचा ओलावा आत ओढून घेते, तेथे पाण्याचा फुगा होतो आणि रंग सुटतो. म्हणजे होडीवाल्याच्या लेखी वरचा डाग ही शोभेची बाब. आतला डाग ही पोटाची. रंग सुटला की दुरुस्ती, दुरुस्ती म्हणजे खाडा, आणि ऐन हंगामातला खाडा म्हणजे कर्ज. काय पुसायचे आणि काय सोडून द्यायचे, हे ज्याला कळते त्याचे पाणी वाया जात नाही.

दुसऱ्या दिवशी दाभोळ ओलांडून गुहागरला मुक्काम केला. नारळी-पोफळीच्या वाडीत एक घरगुती उतारा. दारात जांभ्याच्या चिऱ्यांनी बांधलेली विहीर, पूर्वीच्या रहाटाच्या जागी पंप, ओटीवर आंब्यांची अढी. जेवणे झाल्यावर मेहुण्यांनी घरच्या काकूंकडे हळूच विषय काढला. गाडी धुवायची आहे, नळी मिळेल काय?

"नळी नाही हो मिळायची," काकू म्हणाल्या. "दोन बालद्या घ्या. तिसरी मागू नका."

मेहुणे विहिरीकडे बघू लागले. खाली पाणी चकाकत होते. काकूंच्या ते लक्षात आले. "दिसतंय ना पाणी? दिसायला पुष्कळ. पण मे महिन्यात माझ्याकडे रोज चार गाड्या. चौघांना नळी लावून दिली तर खालून खारं लागेल. मग तुमची गाडी स्वच्छ, आणि माझ्या पोफळी?"

हा प्रश्न ऐकून मेहुण्यांइतकेच आम्हीही गप्प झालो. किनाऱ्यावरच्या विहिरीची रचना मोठी नाजूक असते. पावसाचे गोडे पाणी जमिनीत मुरते आणि समुद्रातून आत आलेल्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते, कारण ते वजनाने थोडे हलके. समुद्रपातळीच्या वर एक फूट गोडे पाणी असेल, तर खाली सुमारे चाळीस फूट खोलीपर्यंत ते पसरलेले असते. पण हिशेब उलटाही लागू पडतो. उपसा होऊन वरची पातळी एक फूट उतरली, की यथावकाश खालचे खारे चाळीस फुटांनी वर सरकू पाहते. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. मुंबईकराला हेवा वाटावा इतका. पण जांभा सच्छिद्र, उतार समुद्राकडे, आणि आलेले पाणी दिवाळीपर्यंत ओढ्यांतून पसार. चैत्र-वैशाखात याच जिल्ह्यातल्या कित्येक वाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. नळीतून मिनिटाला दहा-बारा लिटर पाणी सहज वाहते. पाहुण्याने दहा मिनिटे गाडी धुतली, की एका माणसाचे दोन दिवसांचे पाणी गटारात.

तेव्हा दोन बादल्या. मेहुण्यांची स्थिती परीक्षेत दोनच पुरवण्या मिळालेल्या विद्यार्थ्यासारखी झाली. पण गरज माणसाला शहाणपण शिकवते. त्यांनी उन्हे उतरू दिली, पत्रा हाताला गार लागेपर्यंत थांबले. पहिली बादली तांब्यातांब्याने टपापासून खाली सोडली. घासले काहीच नाही, मीठ आणि धूळ आपसूक वाहू दिली. दुसऱ्या बादलीत फडके बुडवून एक दार, मग दुसरे, मग बॉनेट असे क्रमाक्रमाने पुसत गेले. राहिला प्रश्न शेवटच्या विसळण्याचा, म्हणजे तिसऱ्या बादलीचा.

ती मिळाली, पण विहिरीतून नव्हे. रात्री आम्ही ज्या खोलीत निजलो तिला वातानुकूलनाचे यंत्र होते. त्याच्या नळीखाली काकूंनी एक बादली ठेवली होती आणि सकाळी ती पाऊण भरलेली होती. कोकणातली मे महिन्याची हवा म्हणजे अर्धे पाणीच. यंत्राच्या गार नळ्यांवर तिची वाफ जमते आणि थेंब थेंब बाहेर ठिबकते. काकू ते पाणी लादी पुसायला वापरीत. त्या म्हणाल्या, "हे घ्या पाहिजे तर. हे विहिरीचं नाही, तुमचंच आहे."

गंमत अशी, की गाडीला शेवटचा हात द्यायला याच्याइतके उत्तम पाणी नाही. वाफेचे पाणी झालेले. त्यात चुना नाही, मीठ नाही, वाळले तरी मागे ठेवायला जवळ काहीच नाही. प्यायला वापरू नये, कारण यंत्रातली धूळ-बुरशी त्यात येते. पण फडके बुडवून गाडी पुसायला अमृत. सकाळच्या सावलीत मेहुण्यांनी गाडी पुसली आणि काळ्या दारात पोफळीची झाडे उभी राहिली. आमच्या बाळीने त्या दारात बघून वेणी घातली.

डाग नेहमी वर्तुळच का, मध्यभाग स्वच्छ आणि कडा पांढरी असे का, असा प्रश्न तिनेच न्याहारीच्या वेळी विचारला. चहाच्या कपाचा डाग टेबलावर पडतो तोही तसाच. याचे उत्तर १९९७ साली शिकागो विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी दिले. थेंबाची कड जागच्या जागी चिकटून राहते आणि तेथून पाणी सर्वांत वेगाने उडते. ती तूट भरून काढायला आतले पाणी सतत कडेकडे धावते, आणि जाताना बरोबरचे कण वाहून नेते. म्हणजे थेंब मरताना आपली सारी दौलत कुंपणावर ठेवून जातो. मेण लावलेल्या गाडीवर थेंब गोल गोल उभे राहतात. दिसतात मोत्यांसारखे, पण पुसले नाहीत तर प्रत्येक मोती आपले वर्तुळ काढून जातो. थेंब भिंगासारखे ऊन गोळा करून रंग जाळतो, असेही पुष्कळ लोक सांगतात. पण पत्र्याला चिकटलेल्या थेंबाचा केंद्रबिंदू पत्र्याच्या बराच खाली पडतो. गुन्हा भिंगाचा नसून वाळत जाणाऱ्या क्षारांचा आणि तापलेल्या पत्र्याचा असतो.

तवसाळ-जयगड करून, गणपतीपुळ्याला नमस्कार करून रत्नागिरी गाठली आणि अंबा घाट चढून आम्ही देशावर आलो. येथे मातीच नव्हे, पाणीही बदलते. जांभ्यातला चुना शतकानुशतकांच्या पावसाने केव्हाच धुऊन नेलेला, म्हणून आतल्या कोकणातल्या विहिरींचे पाणी मऊ. साबणाला ढीगभर फेस. घाटावर काळा कातळ. पावसाचे पाणी मातीतून झिरपताना तेथला कर्बवायू पिऊन थोडे आंबट होते आणि त्या आंबटपणाने खडकातला चुना विरघळवीत खोल खोल जाते. जितके खोल आणि जितके मुरलेले, बहुधा तितके जड. १९७२ च्या दुष्काळानंतर या मुलखात विंधन विहिरींचे युग आले, आणि तहान भागली खरी. पण तेव्हापासून जमिनीच्या पोटातला चुनाही घरोघर आला.

मिरजेच्या पुढे सोलापूरच्या वाटेवर एका वॉशिंग सेंटरवर मेहुण्यांचा संयम सुटला. घाटातली धूळ बसली होती आणि समोर पाणी असे धो धो, की कोकणातल्या दोन बादल्यांचा सूड उगवावा. भर दुपारी, तापलेल्या पत्र्यावर, बोअरच्या पाण्याचा फवारा पाऊण तास चालला. आम्ही शेजारी चहा घेऊन परत येईतो गाडी उन्हात वाळली होती, आणि टपापासून चाकापर्यंत जणू देवीचे वण उठले होते. दोन बादल्यांत जी गाडी आरशासारखी झाली, ती दोन हजार लिटरमध्ये ठिपकेदार झाली! पोऱ्याने पुन्हा पाण्याने धुऊन पाहिले. ठिपके हलेनात. कारण हे मीठ नव्हते, चुना होता. आणि वाळलेला चुना साध्या पाण्याला दाद देत नाही.

त्यावर उपाय प्रत्येक घराच्या फडताळात असतो. बाजारात मिळणारे पांढरे व्हिनेगर घ्यावे आणि त्यात तितकेच स्वच्छ पाणी मिसळावे. सावलीत, गार पत्र्यावर, त्यात भिजवलेले फडके डागावर मिनिट-दोन मिनिटे ठेवावे. आंबट पाणी चुना विरघळवते. मग हलक्या हाताने पुसून, लगेच साध्या पाण्याने तो भाग विसळून कोरडा करावा. व्हिनेगर वाळू देऊ नये, एका वेळी हातभर भागच घ्यावा, आणि शेवटी पुन्हा मेण लावावे, कारण आंबटाने जुने मेण उतरते. लिंबूही चालते, पण त्याचा चिकटपणा आणि गर मागे राहतो. काही खडकांच्या पाण्यात वाळूच्या जातीचे क्षारही असतात. त्यांना व्हिनेगरची पर्वा नसते. आणि डाग गेल्यावरही बोटाला खळगा लागला, तर समजावे की क्षाराने चकाकीचा थर खाल्ला. तेथे पॉलिशच लागते, आणि प्रत्येक पॉलिशने तो केसाहून बारीक थर आणखी बारीक होतो. म्हणून डाग आठ दिवस ठेवू नये. मेहुण्यांनी त्या संध्याकाळी मुक्कामावर चटणी-कोशिंबिरीबरोबर व्हिनेगर मागितले, तेव्हा खानावळवाल्याला ते चायनीजचे शौकीन वाटले.

मुंबईला परतल्यावर आमच्या सौभाग्यवतींनी नवे डोळे आल्यासारखे घर तपासले. न्हाणीघरातल्या नळाची पांढरी कड, शॉवरची बुजलेली भोके, पाणी तापवायच्या किटलीतली खपली. सगळीकडे तोच चुना. तानसा १८९२ सालचे, आणि त्याच्या पुढची-मागची आपली सारी तलाव-धरणे पावसाचे पाणी साठवतात, म्हणून महापालिकेचे पाणी तसे मऊ. पण ज्या इमारतीत टँकर येतात किंवा बोअरचे पाणी टाकीत मिसळते, तेथे नळाची कड पांढरी होऊ लागते. तो डाग नुसता पुसून टाकण्याआधी क्षणभर वाचावा. आपल्या घरात येणारे पाणी किती खोलवरून येऊ लागले आहे, याची ती तारीखवार नोंद असते.

दसऱ्याला आपण वाहनाला झेंडूची माळ घालतो, कोळी नारळीपौर्णिमेला समुद्राला नारळ देतो. दोन्ही पूजांत पाण्याचा मान आहेच. पण आपल्या गृहसंकुलांत रोज सकाळी जी नळीपूजा चालते, तिच्यात देवही नाही आणि स्वच्छताही नाही. अर्धे पाणी जमिनीवर जाते आणि उरलेले डाग पाडते. डाग पडतो तो पाणी कमी पडले म्हणून नव्हे, ते पुसायचे राहिले म्हणून. सावली, दोन बादल्या, दोन कोरडी फडकी आणि पंधरा मिनिटांची मेहनत एवढ्यात काम होते. शेवटच्या हाताला यंत्राखालची बादली ठेवावी, नाहीतर पावसाळ्यात पागोळीखाली घागर.

मेहुणे आता सहकारी सोसायटीच्या बैठकीत हेच सांगत असतात. बोलण्याच्या ओघात पोफळीचा उल्लेख आला, की नव्या सभासदांना गाडी आणि पोफळी यांचा संबंध कळत नाही. मग ते त्यांना काकूंची गोष्ट पहिल्यापासून सांगतात, आणि यंदा मे महिन्यात गुहागरला जाल तर नळी मागू नका, असे बजावतात.